पहाटे चारची मधली सुट्टी

आमच्या केंद्राच्या भिंतीवर एक आलेख लावलेला होता आणि तो मी काढलेला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, आणि ही बाई त्या वेळी कुठे तरी लांब हात झटकून बसली होती असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

साल २००६. गाव अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. तिथल्या विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्रात मी आकडेवारीचं काम करायची. आफ्रिकेतल्या शाळांना संगणक दिले तर शिकणं-शिकवणं सुधारतं का, हा केंद्राचा विषय. प्रश्न चांगला आहे. मला तो आजही चांगला वाटतो. फक्त त्याचं उत्तर आमच्याकडे आधीच ठरलेलं होतं आणि त्याला शोभेल असा पुरावा गोळा करायला आम्ही नऊ माणसं नेमलेली होती. आफ्रिका म्हणजे प्रत्यक्षात इथिओपियातल्या अकरा शाळा. पण भाषणात आणि पत्रकात आफ्रिकाच. ॲन आर्बरच्या आसपासच्या अकरा शाळा बघून कुणी 'उत्तर अमेरिकेतील शिक्षण' असा ग्रंथ लिहिला असता, तर आमच्या संचालकांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

संचालक उंच, पांढऱ्या दाढीचे, आवाज रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा. ते इथिओपियात एकदा नऊ दिवस राहून आले होते आणि त्या नऊ दिवसांवर त्यांची चार वर्षं भाषणं चालली होती. "मी तिथे असताना" अशी सुरुवात झाली की मीटिंगमधले बाकीचे लोक माना खाली घालायचे, कारण आमच्यापैकी कुणीच तिथे असलेलं नव्हतं. मीही नव्हते. माझ्याकडे तिथले फक्त आकडे यायचे.

ते येण्याची रीत साधी होती. प्रत्येक शाळेत दहा संगणक दिलेले. संगणक कधी सुरू झाला, त्यावर काय उघडलं, कधी बंद झाला, याची नोंद तो स्वतःच ठेवायचा. महिना संपला की शाळेतले जबाबदार शिक्षक ती नोंद सीडीवर उतरवून पोस्टाने पाठवायचे. तपकिरी पाकीट, त्यावर पक्ष्यांची तिकिटं. मी ती सीडी माझ्या यंत्रात घालायची आणि आलेख काढायची.

अकरापैकी दहा शाळांत संगणक बहुतेक वेळ बंद असायचे. मोडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने मुख्याध्यापक खोलीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवत. माझ्या मते आमच्या सगळ्या संशोधनातला हा एकच खरा निष्कर्ष होता. तो मी दोनदा लिहून दिला आणि दोन्ही वेळा अहवालातून तो 'सुरुवातीच्या अडचणी' होऊन बाहेर पडला.

अकरावी शाळा पठारावरच्या एका लहान गावातली. तिथे गणिताचे एक शिक्षक संगणकांची खोली सांभाळायचे. त्यांचे संगणक रोज चालायचे. सीडीबरोबर ते सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठीही ठेवत: अमुक माऊस खराब झाला, तमुक मुलीने टंकलेखनाचे सगळे धडे संपवले. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "वीज गेल्यामुळे दहाही संगणकांची घड्याळं बिघडली होती. ती मी बरोबर लावली आहेत." वाचून मला बरं वाटलं. बाकीच्या दहा ठिकाणी घड्याळं यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने बसवतानाच लावून दिली होती, त्यानंतर त्यांच्याकडे कुणी बघितलेलं नव्हतं. मी चिठ्ठी फाइलला लावली.

त्यानंतरच्या आलेखात या शाळेचे संगणक रात्री दोन वाजता सुरू व्हायला लागले. दोनला सुरू, पहाटे साडेसहाला बंद. पुढे दिवसभर काही नाही.

मी संचालकांना म्हटलं, "हे विचित्र दिसतंय. घड्याळं चुकली असतील."

"त्याने घड्याळं बरोबर लावल्याचं तूच फाइल केलंयस ना?"

केलं होतं. मी गप्प बसले. नंतरच्या सगळ्या प्रकारात माझा वाटा इथून सुरू होतो: एक साधी चिठ्ठी लिहून "आत्ता तुमच्याकडे किती वाजले?" एवढं विचारायला मला एक तिकीट पुरलं असतं.

संचालकांना मात्र विचित्र वगैरे काही वाटलं नाही. ते आलेखाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. "रात्री दोनला येतात ही मुलं," ते म्हणाले. "दिवसभर शेतात काम, आणि रात्री दोनला." शेताचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. त्याच आठवड्यात 'तहान' हा शब्द केंद्रात आला आणि मग जाईना. पत्रकावर तहान, भाषणात तहान. माझा आलेख चार फूट रुंद छापून येण्याच्या वाटेवर, जिन्यासमोर लावला गेला. त्याच्या शेजारी कंदील धरलेल्या एका मुलाचा फोटो. तो फोटो इथिओपियातला नव्हताच, पण ते सांगणारी मी कोण? मी त्याआधी एकदा गप्प बसलेली होते, आणि गप्प बसण्याचं हेच वाईट असतं की दुसऱ्यांदा तोंड उघडायला आधी पहिल्याचा हिशोब द्यावा लागतो.

डिसेंबरात वॉशिंग्टनहून एक सल्लागार आला. प्रकल्प नीट चाललाय का, हे तपासायला बाहेरून नेमलेला माणूस. चाळिशीचा, चकचकीत बूट, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारा. जिना चढून आला, आलेखासमोर थांबला आणि म्हणाला, "रात्री दोन वाजता शाळेचं कुलूप कोण उघडतं?"

त्या इमारतीत वर्षभरात विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. पण उत्तरही त्यानेच देऊन टाकलं.

"मुलं नाहीयेत ही. कुणी तरी धंदा चालवतंय. रात्री भाड्याने देतोय तुमची यंत्रं."

संचालक लाल झाले. त्यांची चार फुटांची तहान त्यांच्याच जिन्यात चोरी ठरली होती. आपण फसलो असं वाटलेला भला माणूस किती क्रूर होऊ शकतो, ते मी पुढच्या तीन आठवड्यांत पाहिलं. शिक्षकांना ईमेल गेली: संगणक कोणत्या वेळेत वापरले जातात ते कृपया स्पष्ट कळवावं. शिक्षक तालुक्याच्या गावी जाऊन ईमेल बघायचे, म्हणून उत्तर आठवड्याने आलं. ते मला पाठ आहे.

"महोदय, संगणक दोन ते साडेसहा या वेळेत वापरले जातात. चार ते साडेचार चहाची सुट्टी असते. शनिवार-रविवार खोली बंद असते. हे शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणेच आहे."

सल्लागाराने ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. "बघा. लपवतसुद्धा नाही."

"पण तो चहाची सुट्टी म्हणतोय," मी म्हटलं.

"चोर चहा पीत नाहीत का?"

सगळे हसले. मीही हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं. बाकीच्यांचं नाही, माझंच, जरा उशिरा सुरू झालेलं आणि जरा जास्त लांबलेलं.

संचालकांनी तिथल्या विभागीय शिक्षण कार्यालयाला पत्र पाठवलं. केंद्राचा छापील कागद, उंची लिफाफा. 'यंत्रांच्या वापरात गंभीर गैरप्रकार आढळले असून संबंधित व्यक्तीस दूर करावं आणि यंत्रं दुसऱ्या शाळेस द्यावीत.' मिशिगनमधल्या विद्यापीठाचं पत्र तिथल्या कार्यालयात कसं वाचलं जातं, हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आमच्याकडच्या जिल्हा परिषदेतही परदेशातून असं पत्र आलं असतं, तर आधी कारवाई झाली असती आणि मग पत्र वाचलं गेलं असतं. जानेवारीत उत्तर आलं: शिक्षकाला निलंबित केलं आहे, पगार थांबवला आहे, चौकशी यथावकाश होईल. संगणक दुसऱ्या शाळेत हलवले. ती शाळा म्हणजे किल्लीवाल्या मुख्याध्यापकांपैकी एकाची.

संचालकांनी जिन्यातला आलेख काढायला लावला. खिळे तसेच राहिले.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं काढलेल्या, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. ॲन आर्बरचा बर्फ, इथलं दूध आणि माझा स्वयंपाक यांवर त्यांचं ठाम मत होतं आणि ते तिन्हींबद्दल सारखंच होतं. त्यात महिन्याभरापूर्वी त्यांची संकष्टी फसली होती. इथल्या मराठी मंडळाच्या उत्साही सेक्रेटरीने कॅलेंडरमधून चंद्रोदयाची वेळ उतरवून सगळ्यांना ईमेल केली. ती मुंबईची निघाली. आईंनी त्या वेळेला उपास सोडला आणि मग खिडकीशी गेल्या तर आकाश कोरं. चंद्र उगवला तेव्हा त्यांचं जेवून, हात धुऊन झालं होतं. तेव्हापासून या देशातलं कोणतंही घड्याळ त्यांच्या दृष्टीने संशयित होतं. मायक्रोवेव्हचंसुद्धा.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. सल्लागाराला 'गैरप्रकाराचा तपशील' हवा होता, म्हणजे त्या शाळेचा दर पाच मिनिटांचा आलेख. आई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वाकडी करून कागद बघितला.

"हे काय गं? कुठल्या शाळेचं टाइमटेबल?"

"टाइमटेबल नाही आई, चोरी आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. मटार सोलता सोलता त्यांनी ऐकलं, मग हात पदराला पुसून कागद ओढून घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली आणला.

"या खाचा कसल्या?"

"दर थोड्या वेळाने दहाही संगणक एकदम थांबतात. मग पुन्हा सुरू."

"किती वेळाने?"

मी मोजलं. चाळीस मिनिटं.

"चाळीस मिनिटांचे तास," आई म्हणाल्या. "एक, दोन, तीन. मग हा मोठा खड्डा अर्ध्या तासाचा. मग परत एक, दोन, तीन. अगं, ही मधली सुट्टी आहे!"

"पहाटे चारला?"

"ते मला नको विचारू. एकतीस वर्षं मी या खड्ड्यात चहा प्यायलेय. वर्ग बदलताना पोरं उठतात, नवी पोरं बसतात, त्याची ही खाच. आणि शनिवार-रविवारी सुट्टी घेणारा चोर मला एक तरी दाखव. शिस्तीचा दिसतोय हो तुमचा चोर. असा एक शिपाई मला मिळाला असता तर!"

माझी अकरा वर्षांची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आजी, थीव्ज डोन्ट हॅव रिसेस."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाल्या. इंग्रजी कळलं नाही असा त्यांचा चेहरा नेहमी असायचा, पण कळलेलं सगळं असायचं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घड्याळ कुणाचं?"

केंद्रात नऊ माणसं, त्यांतल्या पाच जणांकडे डॉक्टरेट, आणि वॉशिंग्टनचा सल्लागार. प्रश्न विचारला मटार सोलणाऱ्या बाईने. हे लिहिताना मला गंमत वाटत नाही. कानशिलं तापतात.

शिक्षकांच्या चिठ्ठ्यांखाली शेजारच्या दुकानाचा फोन नंबर असायचा. सोमवारी मी कामावर गेले नाही. इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या फोन कार्डावरचे आकडे खरवडले आणि सकाळी आठला स्वयंपाकघरातून फोन लावला. आमच्यात आणि त्यांच्यात आठ तासांचं अंतर. म्हणजे तिकडे दुपारचे चार. दुकानदाराने त्यांना बोलावून आणलं. आवाज हळू, इंग्रजी जपून बोललेलं. मी कोण ते सांगितलं.

मी विचारलं, "आत्ता तुमच्याकडे किती वाजलेत?"

"दहा."

"रात्रीचे दहा?"

"नाही मॅडम. दिवसाचे दहा. ऊन आहे."

ते समजावून सांगायला लागले, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं. दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य उगवला की बारा. मग एक तास झाला की एक, दोन तास झाले की दोन. शाळा दोनला भरते. तुमच्या हिशोबाने आठला. चारला चहा, तुमच्या हिशोबाने दहाला. सगळा देश असाच मोजतो. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"पण तुम्ही विद्यापीठात आहात ना?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कोडं पडलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. वर माझी लाज वेगळीच. पंचांगातली घटी-पळं सूर्योदयापासूनच मोजतात. मुंजीची, लग्नाची मुहूर्तपत्रिका बघत मी वाढले. दिवस मध्यरात्री सुरू होतो ही कुणाची तरी सोय आहे, निसर्गाचा नियम नाही, हे कळायला मला आफ्रिकेला फोन लावायची गरज नव्हती. पण ॲन आर्बरला येऊन सात वर्षांत मीही जगाचं घड्याळ एकच असल्यासारखी वागायला लागले होते. आणि त्यांनी घड्याळं बरोबर लावली होती! अकरा शाळांत बिघडलेलं घड्याळ स्वतःहून लावणारा एकच माणूस होता, आणि सापडला तोच.

"मला वेळ विचारली," ते म्हणाले, "मी वेळ सांगितली. मग पत्र आलं की मी चोर आहे. दीड महिना मी घरी आहे. पोरांचे आईबाप वाटेत भेटले की पलीकडच्या बाजूने जातात. मॅडम, कार्यालयाला फक्त लिहून कळवा की मी चोर नाही."

"कळवते," मी म्हटलं. मला वाटलं, हे सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांसमोर दोन पानी टिपण ठेवलं. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. ते पाणी यायची खरी वेळ हीच होती. ते मागे टेकले आणि म्हणाले, "फॅसिनेटिंग!"

"त्यांना कामावर परत घ्यायला हवं. आपण आजच पत्र पाठवू या."

"हो, हो, अर्थातच. पण विचार कर, केवढा मोठा मुद्दा आहे हा. वेळ कुणाची? तंत्रज्ञान कुणाच्या घड्याळाने चालतं?" ते उठून फेऱ्या मारायला लागले. जूनमध्ये वॉशिंग्टनला एक परिषद होती, तिच्यासाठी निबंधाचा सारांश त्या आठवड्यात द्यायचा होता. तो त्यांनी त्याच संध्याकाळी दिला. एका माणसाला चोर ठरवून त्याचा पगार थांबवला, हे त्यात नव्हतं. 'सांस्कृतिक गैरसमज आणि त्याचं निराकरण' असं होतं. निराकरण! माणूस अजून घरी बसलेला होता.

पत्र मात्र निघेना. आठवड्याने मी विचारलं, तर ते विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे गेलं होतं. तिथून उत्तर आलं की चूक झाल्याचं लेखी मान्य करणं विद्यापीठाच्या हिताचं नाही. 'परिस्थिती बदलल्याने पुनर्विचार व्हावा' एवढं सुचवता येईल, पण तेही आत्ताच नको. चोर म्हणताना यांना कायदा विभाग लागला नव्हता. चोर नाही म्हणायला लागला.

"तू फार मनाला लावून घेतेस," संचालक म्हणाले. "आपली भावना चांगलीच होती."

भावना! माझ्या आयुष्यातली निम्मी तरी नुकसानं चांगल्या भावनेच्या माणसांनी केलेली आहेत. वाईट भावनेचा माणूस निदान मागे वळून बघतो, कुणी पाहिलं का म्हणून.

मी माझ्या ईमेलवरून शिक्षकांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं: आलेख मी काढला, चूक आमची, तुमची वेळ बरोबर होती. त्यांचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि खाली लिहिलं होतं: "कार्यालयात मी हे छापून दाखवलं. ते म्हणतात, यावर शिक्का कुठे आहे? कागदावर गोल शिक्का असल्याशिवाय ते घेता येणार नाही."

वाचून मी हसले, आणि हे हसू माझं स्वतःचं होतं. गोल शिक्का! याचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायला नको. दाखला, उतारा, प्रमाणपत्र. माझं अर्धं तारुण्य 'साहेब जेवायला गेलेत, शिक्का कपाटात आहे' हे ऐकण्यात गेलं. संचालकांना हे सांगितलं असतं तर त्यांना यातही एक निबंध दिसला असता. मी सांगितलं नाही.

आता अडचण अशी की अमेरिकेतल्या विद्यापीठात गोल शिक्काच नसतो. सही असते, नाही तर ईमेल. मी केंद्राच्या सेक्रेटरीकडे गेले. साठीची, मिशिगनच्या उत्तरेकडची बाई. तिच्या टेबलावर कायम विणकाम, आणि इमारतीत काय चाललंय हे संचालकांपेक्षा तिला जास्त ठाऊक. मी विचारलं, "आपल्याकडे शिक्का असतो का? गोल?"

"कशाला हवाय, हनी?"

मी सांगितलं. तिने सुया खाली ठेवल्या.

"तो चहाच्या सुट्टीवाला? ज्याच्यावर सगळे हसले होते?"

"मीही हसले होते."

"माहितीये. मीटिंगचे मिनिट्स मीच घेत होते."

तिने खालचा ड्रॉवर उघडला आणि पक्कडीसारखं एक जड लोखंडी यंत्र काढलं. ती नोटरी होती. इथे बँकेत, औषधाच्या दुकानात, कुठेही नोटरी सापडतो. कागदावर सही करणारा माणूस तोच आहे, एवढंच तो प्रमाणित करतो. कागदात लिहिलेलं खरं की खोटं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

"म्हणजे यावर शिक्का मारलास तरी त्याचा अर्थ एवढाच, की मी मी आहे?"

"एवढाच. पण गोल आहे. आणि उठावदार आहे. बघ."

मी पत्र लिहिलं. विद्यापीठाच्या कागदावर नाही. साध्या पांढऱ्या कागदावर, माझ्या नावाने. त्या शाळेची आकडेवारी मी तपासली, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, या शिक्षकाने यंत्रांचा कोणताही गैरवापर केलेला नाही, अकरा शाळांत सर्वांत चांगला वापर याच शाळेत झाला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तिच्यासमोर सही केली. तिने यंत्र दोन्ही हातांनी दाबलं, मग कागद उलटा करून उजेडात धरला, आणि समाधान झालं नाही म्हणून शेजारी आणखी एकदा दाबलं.

"दुसरा कशाला?"

"हिवाळा आहे," ती म्हणाली. "एकाने भागत नाही. दोन असू देत."

पत्र शिक्षकांच्या पत्त्यावर जाणार होतं, सोबत माझी चिठ्ठी: संगणक परत पाठवायला सांगू का? आईंनी ते पत्र पोस्टात टाकण्याआधी हातात घेतलं, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "आता घेतील."

उत्तर यायला सहा आठवडे लागले. तपकिरी पाकीट, पक्ष्यांची तिकिटं. आत सीडी नव्हती. शिक्षकांनी लिहिलं होतं की कार्यालयातल्या साहेबांनी पत्र वाचलं नाही. त्यांनी दोन्ही शिक्क्यांवरून अंगठा फिरवला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फिरवायला दिला, आणि म्हणाले, सोमवारपासून शाळेत जा. ते आता जात होते. गणित शिकवत होते. मुलांचे आईबाप पुन्हा वाटेत थांबून बोलायला लागले होते. एक जण तर म्हणाला, मला आधीपासूनच माहीत होतं. "संगणकांबद्दल आपण विचारलं आहे," शेवटी लिहिलं होतं. "ते परत पाठवण्याची तसदी घेऊ नये, ही नम्र विनंती."

मी ते सेक्रेटरीला वाचून दाखवलं. तिने आनंदाने ते सगळीकडे सांगितलं असणार, कारण दुपारी संचालक माझ्या टेबलाशी आले. हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं आणि आता खरोखर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय नम्रपणा आहे!" ते म्हणाले. "हे शेवटच्या स्लाइडवर हवं. असं त्याच्या अक्षरात, स्कॅन करून."

"नाही."

"नाव झाकू या. ते आपण नेहमीच करतो."

"नाही."

"अगं, गोष्ट पूर्ण होते याने. आपण चुकलो, शिकलो, आणि तो परत..."

"आपण चुकलो असं स्लाइडवर लिहाल? आणि चोर म्हटल्याचं?"

"ते कायदा विभागाला..."

"मग पत्र द्या इकडे."

ते थांबले. नाही म्हटल्यावर मी दर वेळी एक 'पण' जोडायची आणि त्या 'पण'च्या फटीतून ते आत यायचे, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते त्याची वाट बघत उभे राहिले. मी हात पुढे करून ठेवला होता. शेवटी त्यांनी पत्र दिलं. मी घडी करून पर्समध्ये टाकलं आणि जेवायला गेले.